द्वैराज्य : एका लॅपटॉपवरील दोन ऑपरेटिंग सिस्टीम

१/
आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. विषय आहे ड्युअल बूट, म्हणजे एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदवणे. गेल्या महिन्यात मी माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी डेबियन लिनक्स बसवले. त्या रात्री आजोबांचे दहा वर्षांचे काम माझ्या हातून जवळजवळ गेले होते. चूक यंत्राची नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थिनीने करू नये अशी चूक मी केली होती. ती कोणती, हे सांगण्यासाठी या तंत्राचा इतिहासही सांगावा लागेल.

२/
आजोबा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. शाळेत मोडी शिकलेल्या अखेरच्या पिढ्यांपैकी त्यांची एक. निवृत्तीनंतर त्यांनी परिसरातील घराण्यांनी जपलेले मोडी कागद बाळबोधीत उतरवायला घेतले : वतनाचे तंटे, कर्जरोखे, वाटणीपत्रे. सत्तरी उलटल्यावर त्यासाठी ते संगणकावर मराठी टंकन शिकले. तीनशेहून अधिक कागद त्यांनी उतरवले. मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी परत गेले. त्यांतील काही पुढे वाळवीने खाल्ले, काही घर पाडताना हरवले. अशा कागदांपुरती आजोबांची फाइल हीच आता एकमेव प्रत आहे.

३/
या फाइली जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरी होती. परंतु आपल्याकडील छपाई आणि टंकनाच्या दुकानांत त्यानंतरही अनेक वर्षे जुने फॉन्टच चालत राहिले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट असेल तर ‘वतन’ दिसते. नसेल तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. आजोबांच्या फाइली ज्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात, ते केवळ विंडोजवर चालते, आणि तेही यूएसबीत एक छोटी किल्ली खोचल्यावरच.

४/
मग लिनक्स कशासाठी? माझा लॅपटॉप मावसभावाने वापरून मला दिलेला, चार जीबी मेमरीचा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा लॅपटॉप बसत नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून मजकूर काढण्याचे माझे काम त्यावर रखडत होते. विंडोज पुसून टाकावे, तर आजोबांचे कागद वाचणार कसे? विंडोजच्या आत आभासी यंत्र चालवावे, तर दोन्ही प्रणालींना एकाच वेळी मेमरी लागते, आणि चार जीबीत ते परवडत नाही. उरला मार्ग ड्युअल बूटचा : दोघींनी एकाच घरात राहायचे, पण एका वेळी एकीनेच जागे असायचे.

५/
आपल्या प्रदेशाच्या इतिहासात या कल्पनेला एक जुना शब्द आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात शुंग राजा अग्निमित्र विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोन चुलतभावांत वाटून देतो. सीमा ठरते वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी. या व्यवस्थेला तेथे ‘द्वैराज्य’ म्हटले आहे. ड्युअल बूट हेही द्वैराज्यच. फरक इतकाच, की येथील नदी डोळ्यांना दिसत नाही. ती डिस्कवरील एका नोंदीत वाहते.

६/
आधी ‘बूट’ या शब्दाविषयी. चामडी बुटाच्या मागे तो ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते. इंग्रजीत तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलणे, ही अशक्य गोष्टीची त्या भाषेतील उपमा. संगणकापुढे नेमकी हीच अडचण असते. कोणताही प्रोग्रॅम मेमरीत आणायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोणी आणायचा? म्हणून यंत्राच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. तो थोडा मोठा प्रोग्रॅम आणतो, आणि तो अखेरीस ऑपरेटिंग सिस्टीमला जागे करतो.

७/
मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात एक तक्ता ठेवण्याची रीत पाडली. हा कप्पा ५१२ बाइटचा : ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला आणि उरलेले २ बाइट खुणेला. तक्त्यात १६ बाइटच्या फक्त चार नोंदी मावत. एकाच डिस्कवर निरनिराळ्या प्रणालींना आपापला हिस्सा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे द्वैराज्याची सोय आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क आली तेव्हापासूनच आहे.

८/
हा तक्ता समजण्यासाठी मला तलाठ्याच्या नातीला एकच उपमा सुचते : सातबारा. शेत जागेवरच असते. कोणाचा हिस्सा कोठून कोठपर्यंत, हे उतारा सांगतो. डिस्कचेही तसेच. पार्टिशन केल्याने डिस्कमध्ये कोणती भिंत उभी राहत नाही; अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत या प्रणालीचे, अशी केवळ नोंद होते. नोंद पुसली तर माहिती तत्क्षणी नष्ट होत नाही, पण ती कोणाची आणि कोठून सुरू होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. मग एखादी प्रणाली ती जमीन पडीक समजून खुशाल नांगर घालते.

९/
खुद्द लिनक्सचा जन्म अशाच वाटणी केलेल्या डिस्कवर झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवले. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी अध्यापनासाठी लिहिलेली प्रणाली. त्याच यंत्रावर तो स्वतःची प्रणाली घडवू लागला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तिची जाहीर वाच्यता केली. पुढे एकदा मोडेमकडे जायची आज्ञा चुकून हार्ड डिस्ककडे गेली आणि मिनिक्सचा हिस्सा खराब झाला, अशी आठवण त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपलीच प्रणाली स्वतःच्या पायांवर उभी केली.

१०/
दोन राज्ये आली की वेशीवर द्वारपाल हवा. चालू करताच ‘कोठे जायचे?’ असे विचारणाऱ्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. लिनक्सच्या आरंभीच्या काळात हे काम ‘लिलो’ करी. १९९५ मध्ये एरिक बोलिन याने ‘ग्रब’ लिहायला घेतला. ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’ हे त्याचे पूर्ण नाव भौतिकशास्त्रातील ‘ग्रँड युनिफाइड थिअरी’वरील कोटी आहे. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर हाच द्वारपाल उभा असतो. तो कोणाची बाजू घेत नाही. काही सेकंद वाट पाहतो आणि आपण काहीच बोललो नाही, तर ठरलेल्या दारातून आत सोडतो.

११/
आजच्या लॅपटॉपवर १९८३ ची व्यवस्था सहसा नसते. तिच्या जागी यूईएफआय हे नवे आरंभीचे सॉफ्टवेअर आणि जीपीटी हा नवा तक्ता आला आहे. चार नोंदींच्या जागी सामान्यतः १२८ नोंदी मावतात. मला मात्र दुसरीच गोष्ट भावली : जीपीटी आपला तक्ता दोनदा लिहितो, एकदा डिस्कच्या आरंभी आणि एकदा अगदी शेवटी. आरंभीची प्रत बिघडली तर शेवटची कामी येते. दप्तर सांभाळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला पटेल अशी ही रीत आहे. मी हे वाचले, कौतुकाने मान डोलावली आणि आजोबांच्या फाइलींची दुसरी प्रत मात्र काढली नाही. माझी बाहेरची डिस्क मैत्रिणीकडे होती, आणि मला धीर नव्हता.

१२/
आता प्रत्यक्ष कृती. पहिली पायरी, विंडोजचा हिस्सा आकसणे. हे विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमधूनच करावे. आपल्या फाइली कोठे पसरल्या आहेत, हे तिलाच नीट ठाऊक असते. मी ८० जीबी मोकळे केले. ही जागा तशीच कोरी ठेवायची असते, तिला नाव द्यायचे नाही की ती फॉरमॅट करायची नाही. दुसरी पायरी, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पुरती झोपत नाही. आपली काही अवस्था डिस्कवर लिहून ठेवते. अर्धवट झोपलेल्या शेजाऱ्याच्या खोलीत दुसऱ्याने सामान हलवले, तर दोघांचाही घोटाळा होतो.

१३/
तिसरी पायरी, पेन ड्राइव्ह. डेबियनची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यायची आणि आधी तिचा चेकसम तपासायचा. चेकसम म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षरांची आणि अंकांची लांबलचक ओळ. फाइलमधील एक टिंब जरी बदलले तरी ओळ पार बदलते. संकेतस्थळावरील ओळ आणि आपण काढलेली ओळ जुळली, की प्रत अस्सल. ताम्रपटाची मुद्रा तपासावी तसे हे काम मी मन लावून केले. मग रुफस या प्रोग्रॅमने ती प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवली.

१४/
चौथ्या पायरीवर मी चुकले. महाजालावरील एका मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘सिक्युअर बूट बंद करा, अन्यथा डेबियन सुरू होणार नाही.’ सिक्युअर बूट म्हणजे विश्वासू सहीशिवाय कोणत्याही बूटलोडरला आत न सोडण्याचा नियम. विंडोज ८ बरोबर, २०१२ पासून, तो घरोघरच्या संगणकांत आला. लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबून मी सेटिंगमध्ये शिरले आणि तो बंद केला. पुढचे सारे सुरळीत पार पडले. इन्स्टॉलरला मोकळी जागा दाखवली, त्याने आपले हिस्से पाडले. दोन्ही प्रणालींचे बूटलोडर ज्या सामाईक छोट्या हिश्शात राहतात, तो फॉरमॅट होत नाही ना, एवढे मी दोनदा पाहिले. अर्ध्या तासात डेबियन उभे राहिले.

१५/
त्यात थोडी भटकंती करून मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. ग्रबच्या यादीत दोन्ही नावे होती. विंडोज निवडले. निळा पडदा आला आणि त्यावर मागणी : बिटलॉकरची रिकव्हरी की द्या, अठ्ठेचाळीस अंकी. माझ्या पोटात गोळा आला. मावसभावाने हा लॅपटॉप कामासाठी वापरताना त्यावर बिटलॉकर लावले होते, म्हणजे सारी डिस्क सांकेतिक लिपीत बंद केली होती. तिची किल्ली यंत्रातील टीपीएम या चिपमध्ये असते. सुरू होण्याची वाट ओळखीची असेल, तरच ती चिप किल्ली देते. मी वाटच बदलली होती. पहारेकऱ्याने आपले काम चोख केले होते. दोष होता तो माझा.

१६/
त्या कुलपामागे आजोबा होते. त्यांचा जुना संगणक ते गेल्यानंतर भंगारात गेला होता, आणि फाइली मीच हौसेने या लॅपटॉपवर आणल्या होत्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी दादाला फोन लावला. “अगं, एवढ्या रात्री? सगळे बरे आहे ना?” मी एका दमात सारे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “थांब, माझ्या खात्यावर साठवलेली असेल. रडू नकोस, बघतो.” मी रडत नव्हते असे त्याला सांगितले, ते खरे नव्हते.

१७/
किल्ली सापडली. सहा अंकांचे आठ गट. तो एकेक गट वाचत होता, मी टंकत होते आणि मोठ्याने परत म्हणून दाखवत होते. पाचव्या गटात मी एक अंक चुकवला आणि पडद्याने तो गट तेथेच नाकारला. नंतर कळले, की या किल्लीतील प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जाईल असाच बनवलेला असतो. म्हणून चूक कोठे झाली ते लगेच उमगते. आपल्या रोख्यांत रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, त्यामागे हीच काळजी असते. आठवा गट भरला. विंडोज उघडले. आजोबांचा फोल्डर जागच्या जागी होता.

१८/
पडद्याच्या कोपऱ्यात मात्र संध्याकाळचे ६.१० झाले होते. भिंतीवरचे घड्याळ ११.४० दाखवत होते. हा ड्युअल बूट करणाऱ्या अनेकांना येणारा अनुभव. यंत्रात बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज मानते, की ते स्थानिक वेळ दाखवते. लिनक्स मानते, की ते जागतिक प्रमाणवेळ दाखवते. डेबियनने त्यात जागतिक वेळ लिहून ठेवली होती आणि विंडोजने ती भारतीय समजून वाचली. फरक नेमका साडेपाच तासांचा. घड्याळ एकच, पण त्याचा अर्थ लावणारी राज्ये दोन. एका प्रणालीला दुसरीचा संकेत मानायला लावला की प्रश्न सुटतो. मी डेबियनला स्थानिक वेळ मानायला लावले.

१९/
मुंबईने हा घोळ जवळजवळ अर्धशतक भोगला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईची जुनी वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि शहराने ती सोडली नाही. एकाच शहरात ३९ मिनिटांच्या अंतराने दोन वेळा नांदत होत्या, त्या थेट १९५५ पर्यंत. त्या काळातील मुंबईच्या कागदांत एखादी वेळ आढळली, तर ती कोणत्या घड्याळाची, हे अभ्यासकाला आधी विचारावे लागते. आकडा खरा असूनही अर्थ खोटा निघू शकतो.

२०/
आता माझ्या चुकीचे नाव सांगते. दुसऱ्या दिवशी मी ती मार्गदर्शिका पुन्हा उघडली आणि तळाशी तारीख पाहिली : २०१६. तेव्हा तो सल्ला बरोबर होता. डेबियनने सिक्युअर बूटला आधार दिला तो दहाव्या आवृत्तीत, जुलै २०१९ मध्ये. त्यानंतर ते बंद करण्याची सामान्यतः गरज उरली नव्हती. म्हणजे साधन अस्सल, लेखक प्रामाणिक, मजकूर त्याच्या काळापुरता खरा. मी मात्र त्याचा काळच पाहिला नाही. मोडी पत्र हाती आले की मी आधी तिथी शोधते. ‘छ’ या अक्षरापुढील चांद्र तारीख लावता आली नाही, तर पत्र बाजूला ठेवते. फाइलचा चेकसम तपासला, पण सल्ल्याची तारीख तपासली नाही. साधनचिकित्सा फक्त जुन्या कागदांसाठी असते, असे मी नकळत धरून चालले होते.

२१/
म्हणून तुम्ही हे करणार असाल, तर माझ्याकडून क्रम घ्या. आधी साऱ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर; ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मग बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे. असेल तर किल्ली कागदावर लिहून घ्यावी, आणि तो काढून टाकल्यास उत्तम. मी दादाला विचारून तेच केले. सिक्युअर बूट पुन्हा चालू केले, आणि डेबियन त्यासह निमूटपणे सुरू झाले. मग विंडोजचा हिस्सा आकसणे, फास्ट स्टार्टअप बंद करणे, पेन ड्राइव्ह, इन्स्टॉलर. आणि वाचलेल्या प्रत्येक सल्ल्याची तारीख, या धाग्याचीसुद्धा.

२२/
सध्या माझी दिनचर्या अशी आहे : सकाळी डेबियन, स्कॅन आणि टिपणे. रात्री विंडोज, आजोबांच्या फाइली. त्या मी एकेक करून युनिकोडमध्ये आणते आहे. रूपांतर आपोआप होते, पण जोडाक्षरे आणि रफार मधूनच घसरतात, म्हणून प्रत्येक ओळ जुन्या सॉफ्टवेअरमधील ओळीशी ताडून पाहावी लागते. आतापर्यंत एकेचाळीस कागद झाले. कालच्या वाटणीपत्रात दोन भावांनी विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. विहीर मात्र सामाईक. आजोबांनी खाली कंसात आपली टीप जोडली आहे : ‘विहीर आजही आहे. पाणी आहे.’ मूळ कागद आता नाही. हे काम पुरे होईपर्यंत विंडोजचा हिस्सा माझ्या डिस्कवर राहील.

२३/
तुमच्याही घरी कोणी जुन्या फॉन्टमध्ये काही लिहून ठेवले असेल : वंशावळ, आठवणी, भजनी मंडळाची वही. ते उघडणारे यंत्र चालू आहे तोवर प्रत काढा, आणि जमल्यास युनिकोडमध्ये आणा. कोणत्या फॉन्टमध्ये अडला आहात ते खाली लिहा. मला ठाऊक असेल तेवढे सांगेन, आणि इथल्या जाणकारांना बाकीचे ठाऊक असेल. धागा समाप्त.